झील कोण धरते? यावलची जत्रा, धोबी तलावचे रंगभवन आणि हेवी मेटल (दीर्घ धागा)

१/
१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. आदल्या रात्री भुसावळला गाडीत बसलेला यावलचा एक तरुण सकाळी दादरला उतरला. अंगात काळा टी-शर्ट, पिशवीत मायने बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा, खिशात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानाचे एक तिकीट. घरी त्याने परीक्षेचे काम असल्याचे सांगितले होते. खरे कारण एकट्या आजोबांना ठाऊक होते. त्या रात्री मुंबईत ‘आयर्न मेडन’ वाजणार होते.

२/
आजोबांना घरात सगळे आबा म्हणत. तरुणपणी ते गावच्या वहीमंडळात डफ वाजवीत आणि आसपासच्या जत्रेतला एकही तमाशा चुकवीत नसत. नातवाने त्यांना मोबाइलवर एक गाणे ऐकवले होते. त्यांनी अर्धे ऐकून कानातली गुंडी काढली आणि एवढेच विचारले, “तिथले लोक झील धरता का रे?”

नातवाला तेव्हा उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र नेमका होता. हेवी मेटलचा बँड आणि त्याच्यासमोरची गर्दी यांच्यात नेमके काय घडते, याचा इतिहास शोधायला निघाले तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

३/
आधी झील म्हणजे काय ते पाहू. शाहीर, गोंधळी किंवा तमाशातला गायक ओळ म्हणतो आणि ती संपता संपता मागे उभे असलेले साथीदार उंच स्वरात ‘जी जी रं जी’ करीत ती उचलून धरतात. हे झीलकरी. वरवर पाहता त्यांचे काम गायकाला श्वास घ्यायला उसंत देण्याचे. परंतु खरे काम वेगळे असते. झील ऐकणाऱ्याला त्याची जागा दाखवते. पहिल्या दोन कडव्यांत मागचे चार जण झील धरतात, तिसऱ्याला पुढच्या रांगेतली पोरे त्यात मिसळतात आणि वग रंगात आला की मैदानाच्या टोकाला बैलगाडीवर बसलेला म्हाताराही ओठ हलवू लागतो. खान्देशातल्या वहीगायनात तर डफ घेतलेला सबंध समूहच गातो, तिथे गाणारे आणि ऐकणारे यांच्यामधली रेघ मुळातच पुसट असते.

४/
यावल हा तापीच्या उत्तरेचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, केळीच्या बागांचा मुलूख. मोठ्या गर्दीचे या तालुक्याला नवल नाही. याच तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबूच्या कामाची सजावट नंदलाल बोस यांची. परंतु राजकीय सभेची गर्दी आणि जत्रेची गर्दी यांत फरक असतो. सभेतला माणूस ऐकायला येतो. जत्रेतला माणूस आपली दखल घेतली जावी म्हणून येतो.

५/
तमाशाला हे पुरते ठाऊक होते. ढोलकीचा तुकडा संपतो, शिट्ट्या पडतात आणि नाचणारीची गिरकी थांबते न थांबते तोच सोंगाड्या पुढे येऊन पुकारतो : अमुक गावच्या अमुक पाटलांकडून अकरा रुपये बक्षीस, फड आभारी आहे. पैशांपेक्षा गावाचे नाव मोठे. मैदानाच्या ज्या कोपऱ्यात त्या गावची माणसे बसलेली असतात, तिथून हाळी उठते. मग शेजारच्या गावाला राहवत नाही, तेही पुढे सरसावते. बतावणीत सोंगाड्या त्याच गावच्या रस्त्याची, पाण्याची, सरपंचाच्या मिशीची टिंगल करतो आणि ज्यांची टिंगल होते तेच सर्वांत मोठ्याने हसतात. संहिता तीच असते, दर गावाला नाव बदलते. हे सर्वांना माहीत असते आणि तरीही ते दरवेळी लागू पडते.

६/
आता वांद्रे-कुर्ला संकुल. आयर्न मेडनच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगदौऱ्याचा पहिलाच प्रयोग त्या रात्री मुंबईत होता. दौऱ्यासाठी बँडने बोइंग ७५७ जातीचे विमान घेतले होते, त्याला ‘एड फोर्स वन’ असे नाव दिले होते आणि ते चालवणाऱ्यांत खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन होता. तो परवानाधारक वैमानिक. गायक स्वतः विमान हाकून आपल्या शहरात येतो, ही गोष्टच निम्मे नाते जोडून टाकते. तमाशाचा मालक फडाच्या मालमोटारीत पुढे बसून गावात शिरला की पोरे मागे धावत, तसलाच हा प्रकार. या दौऱ्यावर पुढे ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट निघाला, त्यात मुंबईची ती रात्र आहे.

७/
डिकिन्सनची एक जुनी सवय आहे. गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत तो शहराचे नाव घेऊन गर्दीला ओरडायचे आवाहन करतो. लंडन असो, साओ पावलो असो वा मुंबई, वाक्य तेच आणि नाव तेवढे बदललेले. यावलच्या तरुणाने त्या रात्री ‘मुंबई’ हा शब्द ऐकला आणि तोही ओरडला. वास्तविक मुंबई त्याची नव्हती. मागे कुठून तरी एकाने ‘नागपूर’ अशी आरोळी दिली, दुसऱ्याने ‘इंदूर’. मग याच्याही तोंडून ‘यावल’ निघाले. मंचापर्यंत ते पोहोचणे अशक्यच होते. शेजारच्या अनोळखी मुलाने मात्र वळून विचारले, “हे कुठे आलं?”

८/
या संगीताचा उगम पाहिला तर ही भूक कुठली ते कळते. ब्लॅक सॅबथ हा बँड १९६८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जमला, त्याचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. शहर कारखान्यांचे. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या बसवल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करून स्वरही खाली उतरवला. त्यातून तो जड, काळवंडलेला नाद आला. ऐकायला येणारी पोरेही त्याच गल्ल्यांतली. मंचावरचा माणूस आपल्यातलाच आहे, हा विश्वास या संगीताच्या पायात आहे आणि पुढे कोट्यधीश झालेल्या बँडांनीही तो मोठ्या कसोशीने जपला, निदान मंचावर तरी.

९/
मेटलच्या मैफलीत पहिली आणि चौथी अशी दोन बोटे वर करून मधली मिटण्याची खूण दिसते. बाहेरच्यांना तिच्यात सैतान दिसतो. तिचा प्रसार केला रॉनी जेम्स डिओने. १९७९ मध्ये तो ब्लॅक सॅबथमध्ये आला तेव्हा आधीचा गायक ऑझी ऑस्बोर्न दोन बोटांची शांततेची खूण करीत असे. तिची नक्कल नको म्हणून डिओने आपल्या इटालियन आजीची खूण उचलली. आजी ती करायची वाईट नजर परतवण्यासाठी. म्हणजे ज्या खुणेला लोक घाबरतात ती मुळात दृष्ट काढण्याची! मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकणाऱ्या खान्देशातल्या कोणत्याही आजीला ती पाहताक्षणी समजली असती.

(२०१७ मध्ये ‘किस’ या बँडच्या जीन सिमन्सने या खुणेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्याचा अर्ज केला आणि टीकेनंतर काही दिवसांत मागे घेतला. दृष्टीवर मालकी सांगायची म्हणजे कमालच.)

१०/
ही खूण सहज करता येते आणि तिथेच तिचे सामर्थ्य आहे. गिटार वाजवायला वर्षे लागतात, बोटे वर करायला क्षण पुरतो. मान जोरात हलवण्याचेही तसेच. बाहेरून पाहणाऱ्याला ते वेड वाटते. पण ज्याने संबळाच्या तालावर माणसे घुमताना पाहिली आहेत, श्रावणात कानबाईच्या रात्री गाणी चढत जाताना पाहिली आहेत, त्याला देह आणि ताल यांचे हे नाते परके वाटू नये. फरक आहे, आणि तो लहान नाही. घुमणाऱ्याच्या मागे देवता आहे, श्रद्धा आहे, गावाची संमती आहे. मेटलच्या मैफलीत यांतले काहीच नाही, किंवा जे आहे ते त्या रात्रीपुरते उभे केलेले आहे. ढोलाचा ठोका आधी छातीला लागतो आणि मग कानाला, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे. त्या क्षणी शेजारच्याच्या छातीलाही तोच ठोका लागलेला असतो आणि ते दोघांनाही माहीत असते.

११/
मंचासमोर गर्दीत एक मोकळी जागा तयार होते. इंग्रजीत तिला पिट म्हणतात, आपण रिंगण म्हणू. त्यात शिरलेले लोक एकमेकांवर आपटतात, ढकलतात, कधी वर्तुळात धावतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्डकोर पंकमधून ही रीत मेटलमध्ये आली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रिंगणांच्या चित्रफिती तपासून २०१३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपटाआपटीच्या रिंगणात माणसांची हालचाल वायूतल्या कणांसारखी दिसते आणि धावत्या रिंगणात भोवऱ्यासारखी, असे त्यांना आढळले. बहुतेक रिंगणे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, हेही त्यांनी नोंदवले. आपली प्रदक्षिणा उजवीकडून, यांची डावीकडून!

१२/
वायूच्या कणांना जे नसते ते या रिंगणात असते : नियम. कुणी पडला की आजूबाजूचे थांबून आधी त्याला उचलतात. चष्मा किंवा बूट सापडला तर तो हात उंच करून धरतात. हे कुठे लिहिलेले नाही, नवख्याला अनुभवी माणूस खांद्याला धरून शिकवतो.

यावलच्या तरुणाला हे शिकवावे लागले नाही. खान्देशात जत्रेला बारागाड्या ओढतात. एकामागे एक जोडलेल्या गाड्या माणसांनी गच्च भरलेल्या असतात आणि पुढे भगत. गाड्या सुटल्या की दोन्ही बाजूंनी गर्दी धावते. चाकाखाली कुणी येऊ नये म्हणून कडेने हात धरून धावणारी माणसे असतात. तीही अंगात वारे संचारल्यासारखीच धावतात, परंतु त्यांची नजर पायांवर असते. त्या रात्री रिंगणाच्या कडेला तसेच चार-सहा जण त्याने ओळखले. अंगाने दांडगे, दंडांवर गोंदलेले, आणि नजर सतत खाली.

१३/
इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गर्दी सतत ओरडत राहिली म्हणजे नाते जुळले असे नव्हे. मेडनच्या त्या दौऱ्यात ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे कोलरिजच्या दीर्घ काव्यावर बेतलेले, तेरा मिनिटांहून लांब गाणे होते. त्याच्या मध्यावर संगीत जवळजवळ थांबते. लाकडी जहाज करकरल्यासारखा आवाज, अंधुक प्रकाश, कुणीतरी पुटपुटल्यासारखे बोलणे. हजारोंच्या गर्दीला इतका वेळ धरून ठेवणे हे ओरडायला लावण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. जुन्या वगातही राजाचा निकाल लागण्यापूर्वी ढोलकी गप्प होई आणि कनातीबाहेरच्या भजीवाल्याची कढई ऐकू येई. त्या शांततेची किंमत ज्या नटाला कळते तोच पुढची आरोळी उठवू शकतो.

१४/
आणि मग झील. ‘फिअर ऑफ द डार्क’ या गाण्याच्या आरंभी गिटारची एक सुरावट आहे, तिला शब्द नाहीत. गर्दी ती सुरावटच गाते. १९ जानेवारी २००१ च्या ‘रॉक इन रिओ’ महोत्सवाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. सुमारे अडीच लाखांचा समुदाय एका वाद्याचा स्वर आपल्या गळ्यात घेतो आणि गिटारवादक त्यांच्या पाठीमागून चालल्यासारखा वाजवतो. या गाण्याच्या रचनेत गर्दीसाठी कोणी जागा राखून ठेवली नव्हती. गर्दीने ती स्वतः शोधली आणि नंतर बँडने ती मान्य केली. याच बँडच्या ‘हेवन कॅन वेट’ या गाण्यात काही प्रेक्षकांना थेट मंचावर बोलावून समूहस्वर गाऊन घेण्याची प्रथा आहे. झीलकऱ्यांची रांगच ती, फक्त दर गावाला नवी.

१५/
मुंबईतली ही परंपरा मात्र २००८ ला सुरू झालेली नाही. तिचे घर होते धोबी तलावचे रंगभवन. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ मध्ये इथे जॅझचा मोठा महोत्सव झाला, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. त्या महोत्सवाचे नाव ‘जॅझ यात्रा’. योजकांनी महोत्सव, संमेलन असले शब्द टाळून यात्रा निवडला, हे विशेष.

१९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरणारा, ऑगस्टच्या पावसात भिजणारा हा मेळा पुढे ‘आय-रॉक’ नावाने भारतभरच्या बँडांची पंढरी झाला. १९८४ मध्ये जमलेल्या आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झालेल्या ‘रॉक मशीन’ची पिढी याच वातावरणात वाढली. महेश तिनईकर, उदय बेनेगल ही नावे तिथल्या पोरांच्या तोंडी होती.

१६/
रंगभवनाचा प्रेक्षक प्रेमळ होता असा समज कोणी करून घेऊ नये. जो बँड रुचत नसे त्याला तो उभा राहू देत नसे. परंतु ही निर्दयताही नात्याचाच भाग होती. पायऱ्यांवर बसलेल्यांपासून मंच इतका जवळ की गायकाला शिवी कुणी दिली ते दिसे आणि शिवी देणाऱ्याला गायकाने आपल्याला पाहिले ते कळे. असल्या प्रेक्षकासमोर जो टिकला तो कुठेही टिकला.

१७/
एक अडचण भाषेची होती. गाणी इंग्रजी, प्रेक्षक बहुभाषिक. पुढच्या पिढीने तोडगा काढला तो गाण्यांच्या मधल्या जागेत. २००३ च्या सुमारास मुंबईत जमलेल्या एका डेथ मेटल बँडने आपले नावच ‘भयानक मौत’ ठेवले. ‘स्क्राइब’ या मुंबईच्याच बँडने २०१० मध्ये ‘मार्क ऑफ तेजा’ नावाचा अल्बम काढला. हा तेजा ‘अंदाज अपना अपना’ या चित्रपटातला! गाणे घशातून गुरगुरत म्हटलेले, त्यातला शब्द सहसा कुणाला कळत नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये मुंबईच्या बोलीत केलेली थट्टा सगळ्यांना कळते. बतावणी ती हीच. पुढे दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने ढोल आणि हिंदी-पंजाबी थेट गाण्यातच आणले आणि २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवापर्यंत मजल मारली. तिथल्या गर्दीला हिंदी येत नव्हते. ढोल येत होता.

१८/
हे नाते तुटते तेव्हा काय होते, तेही सांगायला हवे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगावला ‘मेटॅलिका’चा भारतातला पहिला कार्यक्रम ठरला होता. गर्दीपुढचे अडसर टिकले नाहीत, कार्यक्रम पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि चिडलेल्या लोकांनी मंचावर चढून मोडतोड केली. अखेर कार्यक्रम रद्द झाला. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, बंगळूरला तोच बँड निर्विघ्न वाजला. रसिक तेच, कित्येक तर गुडगावहून थेट पोहोचलेले. दोष गर्दीच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी या दोन दिवसांचे अंतर लक्षात घ्यावे.

दुसरी घटना अधिक गंभीर. अमेरिकी बँड ‘लॅम्ब ऑफ गॉड’च्या प्रागमधल्या २०१० च्या कार्यक्रमात मंचावर चढलेला एक तरुण चाहता खाली पडला आणि पुढे त्या दुखापतीने दगावला. जून २०१२ मध्ये बँड पुन्हा प्रागला आला तेव्हा गायक रँडी ब्लाइदला विमानतळावरच अटक झाली. त्याला तुरुंगात राहावे लागले, जामीन मिळाला, तो मायदेशी परतला आणि खटल्यासाठी स्वतःहून पुन्हा प्रागला गेला. मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला फौजदारी जबाबदारीतून मुक्त केले, नैतिक जबाबदारी मात्र त्याच्याकडे असल्याचे म्हटले. मंच आणि मैदान यांमधले अंतर मिटवण्याचा ध्यास घेतलेल्या संगीताला तो निकाल आजही चुकवता येत नाही.

१९/
आता कायद्याकडे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० मध्ये आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची राज्यांना मुभा. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादांवर पक्की मोहोर उठवली. त्यापूर्वीच, २००३ च्या सुमारास, शांतता क्षेत्राच्या अंमलबजावणीत रंगभवन मुके झाले होते. शेजारी महाविद्यालय, जवळच रुग्णालये. आय-रॉक दुसऱ्या मैदानांवर गेला. पायऱ्या तिथेच राहिल्या.

नियम चुकीचा होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रुग्णाच्या झोपेचा हक्क गिटारपेक्षा मोठा आहे. पण शहरात अशा जागेला पर्याय देण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, आणि एकदा विखुरलेली गर्दी पुन्हा त्याच ओळखीने जमत नाही.

२०/
याच नियमाने खान्देशच्या मैदानावर काय केले, याची चर्चा इंग्रजी वृत्तपत्रांत झाली नाही. तमाशा हा रात्रीचा खेळ. गण, गवळण, बतावणी यांत पहिला प्रहर जायचा आणि वग उभा राहायचा तो मध्यरात्रीनंतर. शेतातून, बागेतून उशिरा परतलेला माणूस जेवून, बैलांना वैरण घालून मैदानावर येई. दहाला ध्वनिवर्धक बंद म्हटल्यावर वगालाच कात्री लागली. वेळ वाढवून द्यावी ही फडमालकांची मागणी वर्षानुवर्षे चालूच आहे. धोबी तलावचा गिटारवादक आणि जत्रेतला ढोलकीवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांच्या तोंडावर पडदा पाडणारा नियम एकच होता.

२१/
रिकाम्या जागेत काय आले? डीजे. मालमोटारीवर रचलेली ध्वनिपेट्यांची भिंत, खिडक्यांच्या काचा थरथरवणारा ठेका. आवाज मेटलच्या बरोबरीचा, क्वचित वरचढ. तरीही वेगळा. कारण त्या भिंतीमागे कुणी नसते. तिला गावाचे नाव सांगता येत नाही, चिडवता येत नाही, तिच्याकडून शिवी ऐकता येत नाही. मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांच्या देहाला ठोका मिळतो, पण झील धरायला समोर ओळ टाकणाराच नसतो. आवाजाच्या मोठेपणाने नाते जुळत असते तर सर्वांत घट्ट नाते डीजेचे असते.

२२/
त्या शुक्रवारची गोष्ट पुरी करायची राहिली. कार्यक्रम संपल्यावर घसा पुरता बसलेला तो तरुण रात्रभर स्थानकावर थांबून सकाळच्या गाडीने भुसावळला आणि तिथून एसटीने यावलला पोहोचला. वडिलांना एव्हाना सारे कळले होते. “पैसे देऊन बोंबलायले गेल्ता का रे?” एवढेच ते म्हणाले आणि केळीच्या बागेकडे निघून गेले.

आबा ओसरीवर बसले होते. नातवाने बसक्या आवाजात सांगितले, “धरता, आबा. न सांगता धरता.” मग त्याने ती बिनशब्दांची सुरावट त्यांना गुणगुणून दाखवली, फाटक्या गळ्याने जेवढी जमली तेवढी. आबांनी गुडघ्यावर दोन बोटांनी ठेका धरला. तो ठेका गाण्याचा नव्हता, वहीच्या डफाचा होता, आणि तरी दोन-तीन आवर्तने तो बरोबर बसला.

२३/
५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ऑझी ऑस्बोर्नने निरोपाचा कार्यक्रम केला. ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे पुन्हा एकत्र आले. आजाराने उभे राहणे अशक्य झालेला ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायला. आवाज जिथे पुरला नाही तिथे मैदानाने गायले. २२ जुलैला तो गेला. यावलला एका घरात ती चित्रफीत मोबाइलवर पाहिली गेली. पाहणारा आता चाळिशीकडे झुकलेला. ओसरीवरची आबांची जागा काही वर्षांपासून रिकामी आहे, डफ अजून खुंटीला आहे.

२४/
आबांच्या शेवटच्या काही वर्षांतली एक रात्र त्याला नेहमी आठवते. जत्रेत तमाशा लागला होता. दहाच्या ठोक्याला ध्वनिवर्धक बंद झाला. वग अर्ध्यावर. पुढच्या रांगेतले चार-दोन लोक उठले, बाकीचे तसेच बसून राहिले. राजाचे काम करणाऱ्याने क्षणभर दोन्हीकडे पाहिले आणि मंचाच्या अगदी कडेला येऊन, नुसत्या गळ्याने, ओळ टाकली. मागच्या झीलकऱ्यांचा आवाज मैदानाच्या मध्यापर्यंतही पोहोचेना. आबा नातवाच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले आणि मागच्या अंधारातून त्यांनी झील धरली. शेजारच्याने धरली. मग त्याच्या शेजारच्याने.